काळ्या मातीत घर बांधताय? आधी हे बघा

भाऊ, लाकडी घर घ्यावं की विटांचं, असा प्रश्न असेल तर ऐका: फॅक्टरीतून येणारं लाकडी घर पटकन उभं राहतं, वजनालाही हलकं, हे खरंय, पण आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात इन्सुलेशन नसलेली पातळ भिंत दुपारीच तापते, ९ इंची विटांची भिंत तीच उष्णता उशिरा आत सोडते. आणि वाळवी! काकांच्या मळ्यातली चौकट वरून चकाचक, अंगठ्याने दाबली तर आत नुसती माती. मी तरी वीटच घेईन. फक्त कपाशीची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल घ्या, मुरूम भरा, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची सळई घातलेली काँक्रीटची तुळई) टाळू नका, काँक्रीटला निदान ७ दिवस पाणी मारा, उन्हाळ्यात तर जास्तच.