गोळी सुरू करण्याआधी

ताई, मुलाला एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी द्यावी की नाही, असं तुम्ही विचारलंत. गोळ्यांचं पाकीट आठवडाभर कपाटात ठेवून मीही रडले आहे, त्यामुळे तुमची घालमेल कळते. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा असर साधारण ४ तासांत ओसरतो. पोर कायमचं बदलत नाही. डोसही कमीपासूनच वाढवत नेतात. खरा त्रास भुकेचा! दुपारचा डबा तसाच परत येतो. म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता द्या आणि रात्री उशिरा भूक लागली तर कुरकुर न करता वाढा. वजन, उंची, नाडी, रक्तदाब वहीत टिपत जा. घराण्यात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मूल गप्पगप्प, हरवल्यासारखं दिसलं तर ‘शांत झालं’ म्हणून खूश होऊ नका. डोस जास्त होत असेल, लगेच कळवा. नातेवाइकांचे टोमणे मात्र कानाआड करा.