हरिश्चंद्रगडावर रेंज नसताना मोबाइलचा जीपीएस चालतो का?

चालतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फोन थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतो. नेट लागतं ते नकाशा उघडायला, म्हणून नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट आखून दाखवणारी फाइल) घरूनच डाउनलोड करून घ्या. पायथ्याला फ्लाइट मोड टाका, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

नळीच्या वाटेने (गडावर घळीतून चढणारी वाट) चढणार असाल तर मात्र नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. दोन्हीकडे उभे कडे, त्यामुळे ठिपका मध्येच भलत्याच धारेवर उडी मारतो (माझ्या फोनवर झालंय). पाचनई गावाकडून वाट मळलेली आहे, फोन खिशातच राहू द्या.

आणि परदेशातून कुणी सॅटेलाइट फोन आणून देत असेल तर नको म्हणा. भारतात तो परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे.