मागल्या सालच्या कागदाचं का झालं जी?

प्रिय,

तुझ्या कॉलेजच्या सामाजिक जबाबदारीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा काल रात्री वाचला, आज सकाळी चहासोबत पुन्हा वाचला. चौदा पानं. 'संवेदनशीलता' हा शब्द सतरा वेळा आला, मी मोजला. राग मानू नकोस, असली पानं मीही काढली आहेत, फक्त माझी टाइपरायटरवर होती.

तू विचारतेस, सामाजिक जबाबदारीचा पेपर वेगळा ठेवायचा की सगळ्या विषयांत मुरवायचा? त्याचं पुढे बघू. आधी मला सांग, तुझी मुलं ज्या वस्तीत जाणार, तिथे परत कधी जाणार? चौदा पानांत 'भेट' आहे, 'परतभेट' कुठेच नाही.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पोरं घेऊन नागपुरातल्या नाग नदीकाठच्या एका वस्तीत सर्वेक्षणाला गेलो. सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म, त्या शाईचा बोटांना लागणारा वास, घरटी एकोणीस प्रश्न. एका बाईने आम्हाला बसायला खाट टाकली, नळ किती वाजता येतो, पावसात पाणी कुठवर चढतं, सगळं सांगितलं. त्यावर मी एक निबंध लिहिला, परिसंवादात वाचला, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या वर्षी नव्या पोरांना घेऊन गेलो तर तीच बाई दारात उभी. खाट टाकली नाही. म्हणाली, "मागल्या सालच्या कागदाचं का झालं जी?"

कागद विभागातल्या लोखंडी कपाटात होते. खालचा कप्पा वाळवीने खाल्ला होता. मी तिला सांगितलं, "काम सुरू आहे." त्यानंतर मी त्या वस्तीत गेलो नाही.

म्हणून सांगतो, परत जायचं. कार्यक्रमाचं नाव काहीही ठेव, 'जनरल एज्युकेशन' म्हण, 'सामान्य शिक्षण' म्हण, पण परत जायचं.

सामान्य शिक्षणाची कल्पना नवी आहे असंही समजू नकोस. विद्यापीठ शिक्षणासाठी नेमलेल्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेच म्हटलं होतं की विज्ञानाच्या मुलाला थोडं साहित्य-समाजशास्त्र यावं आणि कलाशाखेच्या मुलाला थोडं विज्ञान. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, आपल्या शेजारी वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली. हाताच्या कामातून गणित, भूगोल, भाषा शिकवायची असं ठरलं. माझ्या मते त्यातली मेख सूत कातायची तकली नव्हतीच. पोरगं रोज त्याच कामाकडे वळत होतं, ती मेख. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, वर्षाला एकशेवीस तास. तास भरतात गं. पण दर वर्षी गाव नवं, झाडं नवी, खड्डे मात्र जुनेच.

तुझ्या कॉलेजपासून नदी किती लांब आहे? पायी पंधरा मिनिटं. मग विषय शोधत बसू नकोस. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांची पोरं एकत्र, अंबाझरी तलावापासून नदीच्या काठाने चालवत ने. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नदी घरांत शिरली, त्या पाण्याची रेघ भिंतींवर शोधू दे. केमिस्ट्रीवाल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन मोजावा. कॉमर्सवाल्यांनी एकाच घराचा हिशेब मांडावा, फ्रिज, गादी, पोरांची पुस्तकं, बुडालेली मजुरी. मराठीवाल्यांनी म्हाताऱ्यांकडून ऐकावं की ही नदी 'नाला' कधीपासून झाली.

दुसऱ्या वर्षी त्याच घरांत. हे वर्ष सोडलंस तर बाकी सगळं फाडून टाक. जे मोजलं ते एका कागदावर, त्यांना कळेल अशा भाषेत, हातात नेऊन द्यायचं. चुकलं असेल तर ते सांगतील. सांगू दे. निम्मे मार्क तिथेच दे.

तिसऱ्या वर्षी पाण्याच्या मागे जा. नाग पिवळी नदीला मिळते, मग कन्हानला, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. १९८८ साली पायाभरणी झालेल्या त्या धरणाच्या पाण्यात धरमपेठेतल्या मोरीचं पाणी आहे. तिथल्या मासेमाऱ्याला तुझ्या पोरांनी आपला पत्ता सांगावा. 'संवेदनशीलता' शब्द न वापरता किती कळतं ते बघ.

समिती म्हणेल, दोन क्रेडिटचे साठ तास झाले की संपलं. म्हणू दे. दर वर्षी दोन क्रेडिट माग, वस्ती मात्र तीच ठेव.

तू ऐकलं असशीलच की अभ्यास मंडळावर असताना एकदिवसीय भेटींचा पेपर मीच अडवला. लोक मला हेकट म्हणाले. पोरांचं नुकसान झालं म्हणाले. झालं असेल. पण दर वर्षी शंभर पोरं नव्या दारात उभी करायची आणि पाणी पिऊन निघून यायचं, याला मी सही देणार नव्हतो. आजही देणार नाही. कदाचित त्या बाईला द्यायचं उत्तर मी समितीला देत होतो, असं माझी बायको म्हणते. तिचं मी फारसं मनावर घेत नाही.

वाळवीने सोडलेले बावीस फॉर्म अजून माझ्याकडे आहेत. निवृत्त होताना पिशवीत घालून घरी आणले. त्या बाईचाही त्यात आहे, सोळाव्या प्रश्नापर्यंत वाचता येतो.

रविवारी सकाळी सातला पंचशील चौकाजवळच्या पुलावर ये. आराखडा आणू नकोस. घर सापडेल की नाही कोण जाणे, पण तिथून पुढचा रस्ता मला आठवतो.

तुझा,
सर