स्पॅनिश वास्तुकार कालात्रावांचा सेव्हिलमधला पूल मागून केबल नसताना उभा कसा राहतो? आणि त्यांच्या पुलांवर लोक घसरतात, हे खरं का?

खांब पडायलाच बघतोय. त्याच्या त्या पडू बघण्यावरच पूल तोलला आहे.

सांतियागो कालात्रावांचा अलामिल्यो पूल १९९२च्या एक्स्पोसाठी (जागतिक प्रदर्शनासाठी) बांधला गेला. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) २०० मीटर, खांब १४२ मीटर उंच, जमिनीशी ५८ अंशांत मागे कललेला, केबलच्या १३ जोड्या. एरवी रस्ता उचलून धरणाऱ्या पुढच्या केबलींची ओढ मागच्या केबली तोलून धरतात. इथे ते काम खांबाच्या वजनावर सोपवलं आहे: बाहेर पोलादी कवच, आत ओतलेलं काँक्रीट. वजन सरळ खाली आणि केबलींची ओढ पुढे, या दोन्हींची बेरीज खांबाच्या तिरक्या अक्षातूनच पायात उतरावी, असा हिशोब. मग खांब नुसता दाबला जातो, वाकत नाही.

हा हिशोब पूल रिकामा असतानाचा. गाड्या आल्या की ओढ वाढते, खांबाचं वजन मात्र तेवढंच. हा फरक खांबाला वाकवतो, सगळ्यात जास्त पायथ्याशी. त्यामुळे पायथा आणि पाया दणकट लागतो, आणि पैसा तिथेच जातो. मागून चार केबली जमिनीत जखडल्या असत्या तर काम स्वस्तात झालं असतं, हे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. पण मग तो पूल मुद्दाम बघायला कोण गेलं असतं!

घसरण्याचं खरं आहे. बिलबाओच्या सुबिसुरी पुलावर (१९९७) काचेचं फरसबंद, व्हेनिसच्या पुलावर (२००८) काचेच्या पायऱ्या. पाऊस पडला की काचेवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि बुटाच्या तळव्याला पकड मिळत नाही. बिलबाओत शेवटी वरून चटई अंथरावी लागली. व्हेनिसमध्ये काच काढून ट्रॅकाइट दगड बसवायचं ठरलं.

व्हेनिसचं दुखणं तेवढ्यावर थांबत नाही. तिथली कमान फार चपटी आहे. गाळा आणि भार तेच ठेवून कमानीची उंची निम्मी केली, तर काठांवरचा आडवा रेटा दुप्पट होतो. काठ जरासे जरी सरकले तरी चपटी कमान मधोमध बसते. मऊ मातीच्या शहरात हा आकार निवडणं मला धाडसापेक्षा हट्टच वाटतो.

याउलट कालात्रावांच्याच, अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कलासंग्रहालयाचे (२००१) छतावरचे उघडमीट होणारे पंख बघा. पसारा ६६ मीटर, पण वाऱ्याचा वेग तीन सेकंदांहून जास्त वेळ ताशी ३७ किलोमीटरच्या वर राहिला की ते आपोआप मिटतात.