बांगडीची खाज आणि गुडघ्याचं ऑपरेशन

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही डिचोलीचे. आई ६३ वर्षांची, उजवा गुडघा बदलायला सांगितलाय, तारीखही मिळालीय. पण तिला आधीपासून खोटे दागिने चालत नाहीत, साडीची पिन खांद्यावर टेकली तरी तिथे लाल चट्टा उठतो, ब्लाऊजच्या हुकांचं तर विचारूच नका. मी सर्जनना म्हटलं, मग आत एवढा धातू कसा चालेल, तर ते हसले आणि म्हणाले, बांगडी वेगळी आणि गुडघा वेगळा. ऑपरेशन करायचं की नाही?

उत्तर : करायचं. सर्जन म्हणाले ते बरंचसं बरोबर आहे, फक्त हसायला नको होतं.

आईंना जो त्रास आहे तो जवळपास नक्की निकेल या धातूचा. घामात निकेल सुटतं, आणि आपल्याकडे घामाला काय तोटा! ते कातडीत शिरतं आणि शरीरातल्या टी-पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, एकदा त्याच्याशी वैर धरलं की सहसा जन्मभर सोडत नाहीत. खाज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे रविवारच्या लग्नात घातलेल्या कुड्यांनी मंगळवारी कान सुजलाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. चवथ झाली की माझ्याकडे अशा कानांची रांग ठरलेली. परवा एक मुलगी पोट दाखवायला आली, बेंबीखाली बरोब्बर जीन्सच्या बटणाएवढा काळपट गोल. मी कापसाच्या काडीवर टेस्टचं औषध घेऊन बटणावर घासलं, काडी गुलाबी झाली. म्हणजे निकेल. तिने ती काडी फोटो काढायला मागून घेतली.

आता गुडघा. मांडीच्या हाडावर बसतो तो चकचकीत भाग बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमचा असतो, त्यात निकेल असतं पण अगदी थोडं, एक टक्क्याच्याही आत. आणि सांध्याच्या आतलं शरीर कातडीइतकं चिडकं नसतं. निकेल न चालणाऱ्या बहुतेक लोकांचे गुडघे व्यवस्थित चालतात. मोजक्यांना मात्र काही आठवड्यांनी-महिन्यांनी गुडघ्यावर एक्झिमासारखं पुरळ येतं, सूज उतरत नाही, दुखणं थांबत नाही. आईंची हिस्टरी एवढी स्पष्ट आहे म्हणून मी पॅच टेस्ट करून घ्या म्हणेन, सरसकट सगळ्यांना नाही म्हणणार.

टेस्टमध्ये पाठीवर निकेल, कोबाल्ट, क्रोमियमच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. धातूची रिअॅक्शन उशिरा उमटते, त्यामुळे दुसरी भेट चुकवली तर सगळं फुकट. तोवर पाठीला पाणी नाही, म्हणून मे महिन्यात किंवा धो-धो पावसात मी शक्यतो टाळते, घामाने पट्ट्या सुटतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि रक्ताची आयजीई टेस्ट करून पैसे घालवू नका, ही ॲलर्जी त्यात दिसत नाही. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात आधी चौकशी करा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर रिपोर्ट घेऊन पुन्हा सर्जनकडे जा. ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचे किंवा टायटॅनियम नायट्राइडचा थर दिलेले गुडघे मिळतात, महाग पडतात, ते घ्यायचे का हे दोघांनी बसून ठरवा. एक साधी गोष्ट मात्र नक्की मागा, जखम स्टेपलरच्या पिना न मारता टाक्यांनी शिवायला सांगा, कारण त्या पिना स्टीलच्या आणि थेट कातडीत. आणि पट्टी सोडल्यावर चौकोनी चट्टा दिसला तर लगेच गुडघ्याला दोष देऊ नका, तो बहुतेकदा चिकटपट्टीचा असतो. मलमाचाही असू शकतो.

प्रश्न : स्कूटर अपघातात नडगीला स्टीलची प्लेट घातलीय, चार महिने झाले. आता टाक्यांच्या बाजूला पुरळ आणि खाज. प्लेट काढून टाकू का? (फोंडा)

उत्तर : एवढी घाई नको. आधी इन्फेक्शन आहे का बघा, पू, ताप, गरमपणा, ठणका काहीही असेल तर आजच्या आज हाडांच्या डॉक्टरकडे, माझ्याकडे नंतर. ते नसेल तर मग धातूचा संशय घ्यायचा, कारण या स्टीलमध्ये निकेल १३ ते १५ टक्के असतं, गुडघ्यापेक्षा कितीतरी जास्त. पॅच टेस्ट करा, तोवर लावायचं मलम मिळतं त्यावर भागतं. एक्स-रेत हाड पक्कं जुळलेलं दिसलं की प्लेट काढता येते आणि बहुतेकांचं पुरळ त्यानंतर हळूहळू जातं. हाड जुळायच्या आधी काढली तर पाय पुन्हा मोडायचा.