बांधकाम सल्लागार व्यावसायिक संस्थेचा सदस्य असेल तर आपल्याला काय फायदा?

फायदा हाच की त्याचं काम चुकलं तर त्याला जाब विचारणारं कुणीतरी असतं. अशी संस्था पात्रता तपासून सदस्यत्व देते, आचारसंहिता घालून देते आणि गंभीर तक्रार खरी ठरली तर सदस्याला काढूनही टाकते. लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेली आरआयसीएस (रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स, म्हणजे मालमत्ता आणि बांधकाम सर्वेक्षकांची संस्था) घ्या: तिच्या नियमनाखालच्या फर्मना व्यावसायिक दायित्व विमा (कामातल्या चुकीबद्दल भरपाई द्यावी लागली तर उपयोगी पडणारा) आणि तक्रारीची ठरलेली पद्धत ठेवावीच लागते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अशा सल्लागाराच्या इमारत-पाहणी अहवालातला नेमकेपणा. ओल कुठल्या भिंतीला, कशाने मोजली, कुठला भाग उघडून पाहता आला नाही, हे त्यात स्पष्ट हवं. मात्र सदस्यत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. म्हणून सदस्य क्रमांक थेट संस्थेकडे पडताळा आणि विम्याची प्रत मागून घ्या.