गोविंदा पथक हाती घेताना

यंदा पथक तुझ्याकडे आलंय, तर आधी खालच्या थराकडे बघ. लोकांची नजर एक्क्यावर, म्हणजे सगळ्यात वर चढणाऱ्या गोविंदावर असते, वजन मात्र खालच्या पोरांच्या खांद्यावर. सराव संपला की त्यांच्या खांद्यांवरचे वळ बघ, पाणी पहिलं त्यांना दे.

गुरुपौर्णिमेपासून पहिले काही दिवस चार थरांच्या वर जाऊच नकोस. कोण कुणाच्या भरवशावर निर्धास्त उभा राहतो, ते तेव्हाच कळतं. पाय थरथरला की ‘उतरवा’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला दे, आणि कुणी म्हटलं की वाद न घालता थर उतरव. आमच्याकडे एक पोरगा ओरडा बसेल म्हणून गप्प राहिला. मनगट मोडलं त्याचं. अजून सलतं मला.

१४ वर्षांखालचं पोर चढवू नकोस, बक्षीस कितीही असो. आणि विम्याची यादी वेळेत दे.